तृणकर्तन-यंत्र : अग्निप्रतिबंध

वाळलेले गवत यंत्राने कापताना लागणाऱ्या आगी टाळण्याची तजवीज. या विषयाचा तपशील मुख्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातून मिळतो. कारण तेथे पाऊस हिवाळ्यात पडून उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरउतारांवरील गवत पार वाळते, आणि वणव्याच्या टापूत घराभोवती १०० फुटांपर्यंतचा ज्वालाग्राही पाला काढण्याची सक्ती कायद्यानेच (कलम ४२९१) केलेली असल्यामुळे, आगीपासून बचावाकरिता हाती घेतलेले यंत्रच आगीस निमित्त होण्याचा संभव राहतो. ऑगस्ट २००४ मध्ये शास्ता काउंटीत अशा यंत्रामुळे पेटलेल्या ‘बेअर’ वणव्यात १०,००० एकरांहून अधिक रान व ८० घरे जळाली.

कारणे : लोकांची समजूत पेट्रोलला दोष देणारी असली, तरी रानात खरा शत्रू दगड होय. वेगाने फिरणारे पोलादी पाते गवतात दडलेल्या दगडावर आदळले, की पात्याचे सूक्ष्म कण तापून उडतात, हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून उडता उडताच जळत राहतात, आणि गवताच्या बुडाशी साचलेल्या भुसभुशीत काडीकचऱ्यात पडून तेथे काही काळ नुसते धुमसतात. यंत्र पुढे निघून गेल्यावर, चालकाच्या पाठीमागे, ज्वाला उठते. सायलेन्सरवर साठलेला गवताचा भुगा पेटणे, हे दुसरे कारण.

कायदा : रान, झुडपे वा गवत असलेल्या जमिनीवर इंधनाचे इंजिन चालवावयाचे, तर त्यास ठिणगीरोधक जाळी असणे त्याच कायद्याच्या कलम ४४४२ अन्वये आवश्यक आहे; ०.०२३२ इंचाहून मोठे कार्बनकण तिने अडवावेत, असा दंडक आहे. मात्र ही जाळी धुराबरोबर येणाऱ्या कणांपुरतीच असून पात्याच्या ठिणगीस तिचा काहीही प्रतिबंध होत नाही, ही गोष्ट पुरेशा आग्रहाने सांगितली जात नाही.

उपाय : म्हणूनच वेळेचे बंधन सर्वांत महत्त्वाचे. राज्याचे अग्निशमन खाते सकाळी १० पूर्वीच, हवेत दमटपणा असताना कापणी करावी, आणि वारा सुटला असता किंवा हवा फार कोरडी असता ती मुळीच करू नये, असे सांगते. आधी जमीन पायी फिरून दगड वेचावेत; खडकाळ जागी पात्याऐवजी नायलॉन दोरीचे यंत्र वापरावे. विजेरी यंत्रातही पात्याचा धोका कायम असतो.

इंधन : इंजिन निवल्यावर, उघड्या मातीवर भरावे.

साधने : पाण्याची नळी, फावडे.