तळहातावरचे शहर

पूर्वी सणासुदीला घराच्या मध्यभागी पट मांडला जाई. मोक्षपटावर दुर्गुणाच्या घरात सोंगटी पडली की साप तिला खाली आणी. सद्‌गुणाची शिडी वर नेई. आज इटियाडोहच्या धरणाकाठच्या गावांतही मुलांच्या हाती मोबाइलचा पडदा आला आहे. तेव्हा या नव्या पटाचा इतिहासही वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावा.

स्कॉटलंडमधील डंडी गावी तयार झालेला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ १९९७ साली निघाला. गुन्हेगार बनून शहरभर मोकाट हिंडायचे, असा हा खेळ. २००५ साली ‘लिबर्टी सिटी स्टोरीज’ने सबंध शहर पीएसपी या हातात मावणाऱ्या यंत्रात बसवले. २००९ साली निन्टेन्डो डीएसवर ‘चायनाटाउन वॉर्स’ आला. पुढे तो मोबाइलवरही उतरला. त्यात गुन्हा केला की पोलिसांचे तारे चढतात. परंतु पाठलागावरच्या पोलीसगाड्या मोडल्या की तेच तारे उतरतात! साप येथेही आहे. मात्र त्याला ठेचून सुटता येते.

जाणत्याला यातील गंमत कळते. युरोपात त्यावर १८ वर्षांची अट छापली जाते, ती याचसाठी. पटाशेजारी आजी बसलेली असे. या पडद्याशेजारी कोणीच नसते. वाचकहो, यंदाच्या दिवाळीत तेथे घटकाभर आपण बसावे.