जमिनीखालची तार

कित्तूर म्हटले की राणी चन्नम्मा आणि १८२४ चा तो संग्राम आठवतो, आणि तसे आठवावे हे योग्यच आहे. पण त्याच कित्तुरात १९८६ साली आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगणारे सहसा वळत नाहीत. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने (सॅम पित्रोदांचे नाव जिच्याशी कायमचे जोडले गेले ती हीच) आपले पहिले १२८ लाइनींचे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज तेथे चालू केले. परदेशी यंत्रांना थंडगार, बंदिस्त खोली लागे. हे यंत्र आपल्याकडची धूळ आणि उकाडा सोसून साध्या खोलीत चालावे, अशा बेताने बनवलेले होते. पुढे देशभरातील हजारो खेड्यांत टेलिफोन गेला तो या यंत्राच्या पाठीवर बसून.

हिंडलग्याच्या माणसाला १९८६ हे साल मात्र दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. त्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, आपली माणसे गेली. त्यांचे स्मारक आमच्या गावात आहे आणि दर १ जूनला तेथे लोक जमतात. मी तेव्हा हायस्कुलात होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मी म्हणणार नाही. ओढूनताणून संबंध जोडणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. पण एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षात या दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्हींच्या मध्ये काही माणसे हातात पक्कड घेऊन खड्ड्यात बसलेली होती. त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून हा लेख.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. तारायंत्राची आपल्या देशातली पहिली सरकारी लाइन १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर पडली; मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आले १८८२ साली. नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय कानपूर–लखनौ मार्गावर १९६० साली प्रथम झाली. तोवर, आणि आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षे, ट्रंक कॉल लावून ताटकळत बसणे हाच शिरस्ता होता. ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ आणि खिशाला अजिबात न परवडणारा ‘लाइटनिंग’, हे शब्द माझ्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ आहेत. हा सगळा इतिहास पुस्तकांतून मिळतो. त्यात उद्‌घाटने आहेत, मंत्री आहेत, यंत्रे आहेत. तार जोडणारा माणूस त्यात नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त केबल जॉइंटर राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. रोजंदारीवर चर खणण्यापासून त्यांनी सुरुवात केली. टपाल-तार खात्यातील रोजंदारी कामगारांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली निकाल दिला आणि त्यातून १९८९ ची तात्पुरत्या दर्जाची योजना निघाली. वर्षानुवर्षे हजेरीपटावर राबणाऱ्या असंख्य माणसांच्या घरात कायम पगार आला तो या वाटेने. मामाही त्यांतलेच. पुढे खात्याने पदाचे नाव मेकॅनिक केले, मग टेक्निशियन केले. मामा स्वतःला जॉइंटरच म्हणवतात.

त्यांचे काम काय होते, हे नव्या पिढीला सांगायला हवे. प्रत्येक टेलिफोनला तांब्याच्या दोन तारा लागतात. त्या जोडीला ‘पेअर’ म्हणत. एक्स्चेंजमधून शेकडो पेअरची जाड केबल निघे, रस्त्याकडेच्या लोखंडी कपाटात, म्हणजे कॅबिनेट आणि पिलरमध्ये ती फाटे फोडी, आणि शेवटी खांबावरच्या डबीतून घराघरांत जाई. जुन्या केबलमध्ये तारेवर कागदाचे वेष्टन असे आणि वरून शिशाचे कवच. कवचाला भेग पडली की बेळगावचा पाऊस आत शिरे, कागद भिजे, आणि साऱ्या गल्लीचे फोन एकमेकांचे बोलणे ऐकू लागत. मग खड्डा खणायचा, वर ताडपत्री बांधायची, भिजलेला भाग कापून काढायचा, जोड सुकवून त्यावर गरम मेण ओतायचे आणि शिशाची बाही डाग देऊन बंद करायची. शंभर पेअरची केबल तुटली तर एका बाजूच्या दोनशे तारा दुसऱ्या बाजूच्या दोनशे तारांना, एकही न चुकता, जोडायच्या. तारेत एरवी पन्नासेक व्होल्ट असतात, ते जाणवत नाहीत. पण घंटी वाजवण्यासाठी एक्स्चेंज पंचाहत्तरच्या आसपास व्होल्ट सोडते. कोणाच्या घरी फोन आला की खड्ड्यातल्या ओल्या बोटांना झटका बसे. मामा म्हणतात, “कुणाचा फोन हाय ते कळायचं नाही सर, पण आलाय एवढं पहिलं आम्हाला कळायचं.”

नंतर जेली भरलेली प्लॅस्टिकची केबल आली आणि पाण्याचा त्रास कमी झाला. तिच्यातली तारांची रंगसंगती शाळेत शिकवावी इतकी सुबक आहे. पांढरा, लाल, काळा, पिवळा हे चार रंग एका बाजूला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसऱ्या बाजूला. चार पंचे वीस, म्हणजे वीस जोड्या झाल्या. एक माणूस या टोकाला, दुसरा त्या टोकाला बसून रंग पुकारत पेअर तपासत. मामांचा बरीच वर्षे जोडीदार होता गोकाककडचा. तो ‘केंपु-नीली’ म्हणे, मामा ‘लाल-निळा’ म्हणत. ‘हळदी’ला मात्र भाषांतर लागत नसे. सीमाप्रश्नावर दोघांची मते काय होती, हे मी विचारले. मामा हसले आणि म्हणाले, मते होती, भांडणेही होत, पण जॉइंट बंद झाल्यावर, चहाच्या वेळी. मराठी शाळा टिकावी म्हणून आयुष्य घालवलेला मी माणूस आहे. भाषेचा हक्क ही लहान गोष्ट आहे असे मला कोणी सांगू नये. तरीही त्या खड्ड्यातला व्यवहार मला खरा वाटतो.

सीमा तारेलाही सोडत नव्हतीच. बेळगाव–वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा, सुळगा ओलांडून बाचीला पोचले की कर्नाटक संपते आणि शिनोळीला महाराष्ट्र लागतो. अंतर जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर. मुली दिलेल्या, सुना आणलेल्या, शेती या बाजूला आणि घर त्या बाजूला. पण बेळगावचा कोड ०८३१, निपाणीचा ०८३३८, आणि पलीकडे कोल्हापूरचा ०२३१. इकडे ०८, तिकडे ०२. खात्याची मंडळे वेगळी, कारभार वेगळा. शेजारच्या गावातल्या लेकीशी बोलायला परगावचा कोड फिरवावा लागे, हे सीमाभागातल्या आयांना कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा चांगले समजले होते.

मग काच आली. काचेच्या धाग्यातून प्रकाशाने दूरवर संदेश नेता येईल, काच फक्त पुरेशी शुद्ध हवी, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली मांडले. त्याबद्दलचे नोबेल त्यांना २००९ साली मिळाले. आपल्या देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यात, स्थानिक एक्स्चेंजांना जोडण्यासाठी बसली, हे मराठी वाचकाला माहीत असावे. हा धागा सव्वाशे मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाएवढा, आणि त्याच्या पोटातली प्रकाशाची वाट जेमतेम नऊ मायक्रॉनची. पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. जोड देताना धागा सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, काटकोनात छाटायचा आणि यंत्रात ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करायचा. मामा चाळिशीत हे शिकले. तांब्याचा जोड बोटांना समजतो, काचेचा फक्त यंत्राच्या पडद्यावर दिसतो, ही त्यांची तक्रार. आणि काचेला झटका नाही, हे समाधान.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बीएसएनएलची स्वेच्छानिवृत्ती योजना ३१ जानेवारी २०२० रोजी अमलात आली. पन्नाशी गाठलेल्यांसाठी ती होती, आणि देशभरातील सुमारे ७८ हजार माणसे, म्हणजे जवळजवळ निम्मे खाते, एका दिवशी घरी गेले. कंपनी तोट्यात होती, पगार थकत होते; निर्णयाची कारणे मला कळतात. पण पन्नाशीवरचे म्हणजे नेमके तेच, ज्यांनी स्वतःच्या हाताने या केबली पुरल्या होत्या. दोन महिने होत नाहीत तोच मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळा तारेवर भरू लागली. कर्नाटकात दहावीची परीक्षा २५ जूनपासून झालीच. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांना आपल्या मास्तरांचा आवाज हवा होता, आणि तो न्यायला तार हवी होती.

त्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात एका कंत्राटदाराच्या यंत्राने फायबर तोडली. दुरुस्तीला आलेली मुले हुशार होती, हातात आधुनिक यंत्र होते. ते प्रकाशाचा ठोका सोडते आणि कितव्या मीटरवर तुटले ते सांगते. तसे त्याने सांगितलेही. पण फायबरची लांबी आणि रस्त्याची लांबी एक नसते. पुढे दुरुस्तीला उपयोगी पडावी म्हणून प्रत्येक जोडापाशी काही मीटर वेटोळे पुरून ठेवलेले असते, पुलावर वळसा असतो. मुलांनी दोन ठिकाणी खणले, काही सापडले नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी मामांना बोलावले. ते काठी टेकत गेले, मोरीपासून पावले मोजली आणि म्हणाले, “मशीन मीटर सांगतंय बाळा, पण हितं दोन वेटोळी हाईत ते त्याला काय ठावं?” तेथे खणले. संध्याकाळी आमचा गणिताचा तास झाला.

अशी माहिती कोणत्याही कागदावर पूर्ण नाही. जुने नकाशे ज्या खुणांवर आधारलेले, ते वड, ते मैलाचे दगड रस्तारुंदीत गेले. तांब्याची केबल बहुतेक ठिकाणी मृत झाली आहे, कित्येक जागी चोरांनी उपसली आहे. पण तिच्याच वाटेने फायबर गेली आहे, आणि ग्रामपंचायतींपर्यंत आलेल्या भारतनेटच्या जाळ्यालाही माती तीच आहे.

म्हणून यंदा आमच्या नववीच्या मुलांना इतिहासाचा उपक्रम म्हणून मी एक काम दिले आहे. गावातल्या आणि पंचक्रोशीतल्या निवृत्त लाइनमनांना, मराठी असोत की कन्नड, भेटायचे. त्यांना सोबत घेऊन रस्त्याने चालायचे आणि जमिनीखालचे जोड वहीत उतरवायचे. खुणा टिकाऊ हव्यात: देऊळ, विहीर, पूल. गोकाककडचे मामांचे जोडीदारही एक दिवस येऊन गेले. त्यांचे कन्नड आमच्या मुलींनी मराठीत लिहून घेतले. आतापर्यंत अकरा जोड कागदावर आले आहेत. मामांच्या हिशेबाने सुळग्यापर्यंत अजून सात राहिलेत, आणि त्यांतले दोन कुठे आहेत यावर दोघा म्हाताऱ्यांचे एकमत झालेले नाही.