‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणजे नेमकी कोणाची? एका इंग्रजी शब्दाचा लकडगंजापर्यंतचा प्रवास

आजची पोस्ट थोडी लांब आहे. निवांत वाचा, कारण विषय आपल्या घराखालच्या जमिनीचा आहे.

पूर्व नागपुरात प्लॉटची बोलणी सुरू झाली की भाव नंतर निघतो, आधी दोन प्रश्न येतात. लकडगंज, वर्धमाननगरकडे विचारतात, “एनआयटीची लीज आहे का?” आणि पारडी, वाठोड्याकडे विचारतात, “आरएल झालं का?” आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर, प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. बाहेरगावच्या माणसाला हे कळत नाही. एनआयटी म्हटलं की त्याला इंजिनिअरिंगचं कॉलेज आठवतं. आपल्याला मात्र नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आठवतो, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास.

यातला मधला शब्द बघा. इम्प्रूव्हमेंट. शाळेच्या प्रगतिपुस्तकात असतो, डॉक्टर पेशंटबद्दल बोलताना वापरतात. अर्थ सगळ्यांना माहीत आहे: आधीपेक्षा बरं होणं. पण हा त्याचा मूळ अर्थ नाही.

‘इम्प्रूव्ह’ हे क्रियापद इंग्रजीत आलं ते इंग्लंडच्या दरबारात आणि कचेऱ्यांत चालणाऱ्या जुन्या फ्रेंचमधून. तिथे ‘प्रू’ म्हणजे नफा. त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ होता नफ्याला लावणं, आणि ते मुख्यतः जमिनीबद्दल वापरलं जाई. पडीक जमीन किंवा गावाची सामाईक कुरणं कुंपण घालून ताब्यात घ्यायची, कसायची आणि खंड वाढवायचा, ही झाली जमिनीची ‘इम्प्रूव्हमेंट’. एखादी गोष्ट नुसती चांगली करणं हा आजचा अर्थ साधारण सतराव्या शतकात रुळला. म्हणजे आधी नफा आला आणि चांगुलपणा नंतर चिकटला. जुना अर्थ अजून गेलेला नाही. अमेरिकेत घराच्या मालमत्ता कराच्या कागदावर जमिनीची किंमत वेगळी आणि तिच्यावरच्या बांधकामाची वेगळी लिहितात. त्या बांधकामाला ते ‘इम्प्रूव्हमेंट्स’ म्हणतात, मग घर कितीही पडकं असो.

हा शब्द आपल्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा शेतीत. 1793 साली कॉर्नवॉलिसने बंगालात कायमधारा लागू केला. जमिनीचा मालक पक्का केला आणि सारा कायमचा ठरवला की जमीनदार जमीन ‘इम्प्रूव्ह’ करेल, ही त्यामागची कल्पना. सरकारला ठरलेला सारा मिळत राहिला, कुळाच्या वाट्याला मात्र वाढता खंड आला.

दुसऱ्यांदा आला तो शहरात. 1866 मध्ये ग्लासगो शहरासाठी खास कायदा झाला. दाट, रोगट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे आणि मोकळी झालेली जमीन विकून किंवा भाड्याने देऊन खर्च काढायचा. हेच यंत्र पुढे मुंबईत आलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याचीच कामं. आजही ती पाहून बरं वाटतं. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या ते गिरणी कामगार आणि हमाल त्या नव्या घरांचं भाडं भरूच शकत नव्हते. ते शेजारच्या चाळीत जाऊन आणखी दाटीने राहिले. शहर सुधारलं, पण माणूस होता तिथेच राहिला, किंवा आणखी आत ढकलला गेला.

तेव्हाही यावर बोलणारे होते. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार भारतातली शहरं पायी फिरले. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. सरसकट पाडापाडी करू नका, जिथे गरज आहे तिथेच थोडं कापा आणि बाकीची वस्ती जगू द्या, असं ते सांगत. त्यांचा सल्ला कौतुकाने वाचला गेला. बुलडोझर मात्र अजूनही सरळ रेषेतच चालतो.

आता आपल्या गावात येऊ. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं. 1936 मध्ये नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला. प्रन्यासला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. सांडपाण्याच्या योजना, रुंद रस्ते, आखीव ले-आउट, बगीचे, यात त्याचा मोठा वाटा आहे. लाकडाच्या टाली आणि आरा मशिनींमुळे नाव पडलेल्या आपल्या लकडगंजाच्या बाजूने सेंट्रल अव्हेन्यू जातो. तो रस्ता रुंद नसता तर डिसेंबर 2022 पासून त्यावरून मेट्रो धावली असती का?

पण त्या कायद्यात शब्दाचा जुना अर्थही आहे. योजनेमुळे तुमच्या जमिनीची किंमत वाढली, तर वाढीतला वाटा ट्रस्ट तुमच्याकडून घेणार. त्याला ‘बेटरमेंट’ म्हणतात. तत्त्व म्हणून हे चूक नाही. सार्वजनिक पैशाने रस्ता झाला तर त्याचा सगळा फायदा एकट्या प्लॉटवाल्याच्या खिशात का जावा? अडचण उलट्या बाजूला आहे. ज्याची जमीन घेतली, त्याला काय मिळालं?

हा प्रश्न थेट सुप्रीम कोर्टात गेला. नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट विरुद्ध विठ्ठल राव हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. साध्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली तर मालकाला बाजारभावावर 15 टक्के दिलासा रक्कम मिळे. ट्रस्टच्या कायद्याने घेतली तर ती मिळत नसे, मोबदल्याचा हिशेबही त्याला तोट्याचा होता. जमीन तीच आणि घेणारं सरकारही तेच, फक्त कायद्याच्या नावात ‘इम्प्रूव्हमेंट’ होतं म्हणून पैसे कमी. कोर्टाने हा भेदभाव घटनेच्या 14 व्या कलमाविरुद्ध ठरवला. जमीन दवाखान्यासाठी जाते की शाळेसाठी, याने मालकाला काय फरक पडतो, हा त्यातला मुद्दा होता. आपल्या शहराच्या नावावर हा निकाल आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांना तो माहीतच नाही!

मराठीत आपण याला ‘सुधार’ म्हटलं. आगरकरांनी 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हापासून या शब्दाला आपल्याकडे नैतिक वजन आहे. सुधारणेला विरोध करणारा म्हणजे मागासलेला. म्हणूनच योजनेवर कोणी शंका घेतली की “तुम्हाला विकास नको का?” असं ऐकावं लागतं. पण आगरकरांच्या सुधारणेत माणूस स्वतः बदलतो. ट्रस्टच्या सुधारणेत दुसरा कोणी तुम्हाला सुधारतो, आणि त्याचं बिलही तुम्हालाच पाठवतो. आपल्या कट्ट्यावर ‘सुधर ना बे’ म्हणणारा निदान डिमांड तरी पाठवत नाही.

मुंबईचा ट्रस्ट 1933 मध्ये महापालिकेत विलीन झाला. दिल्लीतल्या ट्रस्टच्या जागी 1957 मध्ये डीडीए आलं. आपला प्रन्यास बरखास्त करायचं डिसेंबर 2016 मध्ये मंत्रिमंडळात तत्त्वतः ठरलं, पण तो पुन्हा उभाच राहिला. तो हवा की नको, यावर दोन्ही बाजू भांडतात. पण त्याचा सभापती सरकार नेमतं. आपण मत देतो नगरसेवकाला, आणि डिमांड येते प्रन्यासची. अडचण घेऊन गेलो की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. खरा मुद्दा मला हा वाटतो.

म्हणून एक विनंती. यापुढे सुधार, विकास, ब्युटिफिकेशन असा कुठलाही गोड शब्द असलेली नोटीस आली, तर तीन प्रश्न लेखी विचारा. जमीन कोणाची जाणार? पैसे कोण भरणार? आणि हे ठरवणाऱ्याला आपण कुठे जाब विचारायचा? डिमांड भरली असेल तर ती कोणत्या कामापोटी घेतली ते वाचा आणि पावती जपून ठेवा. नाली झाली नसेल तर तीच पावती घेऊन माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये लागतात.

तुमच्या घरी ट्रस्टचे जुने लीजचे कागद, नोटिसा असतील तर फेकू नका. या शहराचा इतिहास त्याच कागदांत आहे.