थर्माकोल : हलक्या मालाचा इतिहास



वसंतातल्या या व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत नाना विषय तुम्ही ऐकले असतील. मी आज थर्माकोल हा विषय घेऊन उभा आहे, म्हटल्यावर काहींना हसू येईल. गणपतीची मखर गेली, आता त्यात बोलण्यासारखे काय उरले, असेही कोणी म्हणेल. मी विद्वान नाही. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाशी झाले. पण या पदार्थाशी माझा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या वर्षी, १९८९ साली, मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका लहानशा थर्माकोलच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. त्यामुळे या हलक्या वस्तूचा भार कोण वाहतो, हे मी जवळून पाहिले आहे. तोच आजच्या व्याख्यानाचा मुद्दा आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे, ते पाहू. कारखान्यात येतो तो बारीक, काचेसारखा दाणा. साखरेच्या दाण्याहून फारसा मोठा नाही. तो पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या पोटात पेंटेन नावाचा पेट्रोलच्या कुळातला द्रव वजनाने शेकडा पाच-सहा इतका मुरवलेला असतो. दाण्याला वाफ दिली की दोन गोष्टी एकदम घडतात. शंभर अंशांच्या आसपास प्लॅस्टिक मऊ होते, आणि आतल्या पेंटेनचा वायू होऊन तो बाहेरच्या अंगाने रेटू लागतो. ज्वारीची लाही फुटावी तसा दाणा फुगतो, आणि मूळच्या चाळीस-पन्नास पट होतो. मग हे फुगलेले दाणे काही तास, कधी रात्रभर, मोठ्या जाळीच्या पिशव्यांत विसावत ठेवावे लागतात. थंड झाल्यावर दाण्याच्या आत पोकळी ओढ घेत असते. तेथे हळूहळू बाहेरची हवा शिरते आणि दाणा सावरतो. शेवटी ते ॲल्युमिनियमच्या साच्यात भरून पुन्हा वाफ देतात. दाणे एकमेकांना चिकटून साच्याचा आकार घेतात. पाण्याने साचा थंड केला की माल तयार.

तयार मालात शेकडा अठ्ठ्याण्णव भाग हवा आणि दोन भाग प्लॅस्टिक. एवढ्यावर हा सारा धंदा उभा आहे. दूरदर्शन संच फुटू नये, मासळीचा बर्फ वितळू नये, हे काम ती कोंडलेली हवा करते.

आता इतिहासाकडे वळू. १८३९ साली बर्लिनच्या एडुआर्ड सिमोन या औषधविक्रेत्याने, आपले वैद्य ज्याला शिलारस म्हणतात त्या सुवासिक डिंकाचे ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव काढला. पुढे तो द्रव घट्ट होऊन खिरीसारखा झाला. हवेशी संयोग होऊन असे झाले असावे, ही त्याची समजूत. १८४५ साली ब्लाइथ आणि हॉफमन या दोघांनी हवा नसतानाही तेच घडते, हे दाखवले. पण घडते काय, याचा नीट उलगडा व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब साखळ्या होतात, असे हेर्मान श्टाउडिंगर १९२० पासून सांगत होता. त्या काळचे पुष्कळ विद्वान त्याच्या विरुद्ध होते. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली. तोवर १९३० च्या सुमारास जर्मनीत लुडविगसहाफेन येथे हे प्लॅस्टिक कारखान्यात तयार होऊ लागलेच होते. शास्त्राचा निकाल लागेपर्यंत धंदा थांबत नाही.

या कठीण प्लॅस्टिकचा फेस करण्याची युक्ती एकाहून अधिक ठिकाणी निघाली. स्वीडनच्या मुंटर्स आणि टांडबर्ग यांना १९३५ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. पुढे अमेरिकेतल्या डाऊ कंपनीत रे मॅकिन्टायर हा रबरासारखा लवचीक पदार्थ शोधत असता स्टायरीनमध्ये दाबाखाली एक वायू मिसळून बसला, आणि हाती आला तो हलका फेस. तेव्हा महायुद्ध चालू होते. १९४२ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने या फेसाचा तराफा वापरला. म्हणजे या वस्तूने प्रथम माणसे तरंगती ठेवली. टीव्हीची खोकी नंतर आली.

आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, तो दाण्यांचा प्रकार मात्र पुन्हा लुडविगसहाफेनचाच. १९४९ साली तेथील फ्रिट्झ स्टास्टनी या संशोधकाचा एक डबा तापपेटीत राहून गेला, आणि परत येऊन पाहतो तो डब्यातून फेसाचा खांब उभा! पुढे ‘स्टायरोपोर’ या नावाने तो माल बाजारात आला आणि जगभर पसरला. ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण त्याच कारखान्याची दुसरी गोष्टही आपण ऐकली पाहिजे. आदल्याच वर्षी, २८ जुलै १९४८ रोजी, तेथे उन्हात उभ्या असलेल्या रेल्वेच्या टाकीतून ज्वालाग्राही वायू सुटला, त्याने पेट घेतला, आणि २०७ माणसे मेली. तो वायू वेगळा होता, त्याचा या फेसाशी संबंध नव्हता. पण वायू आणि उष्णता ही जोडी तीच. एका डब्यात ती नवी वस्तू देते आणि दुसऱ्या टाकीत दोनशे घरे उजाड करते. मधला फरक शिस्तीचा आणि देखरेखीचा असतो.

आपल्याकडे हा माल आला तो मुंबईच्या वाटेने. १९४३ साली तेथे आर. ए. कोल या नावाची एक कंपनी नोंदली गेली. १९६७ साली तिचे नाव बी.ए.एस.एफ. इंडिया झाले. ‘थर्माकोल’ हे खरे तर व्यापारी नाव. पण डालडा म्हणजे वनस्पती तूप, तसे थर्माकोल म्हणजे हा पांढरा फेस, असे आपण सर्वांनी ठरवून टाकले. दाणा मोठ्या कारखान्यात होई, आणि तो फुगवून साच्यात घालण्याचे काम लहान लहान गाळ्यांत चाले. एक बॉयलर, दोन-तीन साचे, दहा-पंधरा माणसे. मी लागलो तो असाच एक गाळा.

तेथे आम्हां पोरांना शिकवणारे एक वयस्क कामगार होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांचा एक मंत्र होता: “दाण्याला रात्र काढू द्या.” वर सांगितलेला विसावा तो हाच. पण सणाच्या आधी मागणी वाढली की मालक घाई करी. रात्र काढायच्या जागी दोन तास. ताज्या दाण्यातून पेंटेन सुटत असते; ते हवेहून जड, म्हणून जमिनीशी साचते. त्याला वास फारसा नाही. कोठे ठिणगी पडली की संपले. हे शास्त्र मामांना कोणी शिकवले नव्हते, पण ते गाळ्यात कोणाला विडी पेटवू देत नसत आणि खालची झडप सदैव उघडी ठेवीत.

त्याच वर्षी एका साच्याचे वाफेचे गॅस्केट फुटले आणि मामांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ते गॅस्केट तीन आठवडे फुसफुसत होते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. नोंदवहीत लिहिले गेले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. मी त्या नोंदीखाली साक्षीदार म्हणून सही केली. वाचता येत होते, तरी वाचले नाही. पुढे वाचनालयात जाऊन कारखान्यांचा कायदा मी ओळ न् ओळ वाचला, तो त्या सहीच्या शरमेने. माझ्या संघटनेच्या कामाचा आरंभ तेथे आहे.

वायूच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. फेसाच्या काही जाती, विशेषतः खाद्यपदार्थांच्या पेट्यांचे तावासारखे फेस, पूर्वी क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी फुगवीत. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले की हे वायू वातावरणाच्या उंच थरात जाऊन ओझोनचा नाश करतात. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि जगाने ते वायू सोडावयास घेतले. नुसत्या कार्बन डायऑक्साइडने फेस फुगवण्याची रीत बसवल्याबद्दल १९९६ साली डाऊ कंपनीस अमेरिकेत सरकारी पारितोषिक मिळाले. आपल्या थर्माकोलच्या दाण्यात तो घातक वायू नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पेंटेनचा दोष निराळा, तो आगीचा आणि खालच्या हवेतल्या धुरकटपणाचा. पण यातून मी एक धडा घेतो. कारखानदारांनी ‘दुसरा उपाय नाही’ म्हटलेले असते, आणि जगाने नेट धरला की उपाय निघतो.

आता वापर झाल्यानंतरचे पाहू. थर्माकोल पुन्हा वापरता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. तापवले की तो मऊ होतो, आतली हवा निघून जाते, आणि उरते तेच मूळचे प्लॅस्टिक. त्याची लादी होते, लादीचा पुन्हा दाणा होतो, आणि त्यापासून तसबिरींच्या चौकटी, पट्ट्या, हँगर असे जिन्नस होतात. जपानात तोक्योच्या जुन्या त्सुकिजी मासळीबाजारात मासळीची रिकामी खोकी बाजाराच्या आवारातच वितळवून लाद्या करीत असत. तेव्हा विद्या आहे, यंत्र आहे. मग आपल्या नाल्यांत थर्माकोल का तरंगतो?

याचे उत्तर तराजूत आहे. थोडा हिशेब करू. पॅकिंगच्या थर्माकोलचे एक घनमीटर म्हणजे सुमारे वीस किलो. एखाद्या ट्रकात तीस घनमीटर जागा धरली आणि तुकडे ठासून भरले, तरी सहाशे किलो. वाकडेतिकडे तुकडे ठासून बसत नाहीत. म्हणजे तीनशेच धरा. ट्रकचे भाडे मात्र पुरे. आता पाठीवर पोते घेऊन फिरणाऱ्या बाईकडे पाहा. दोनशे लिटरच्या पोत्यात ती दोन किलो थर्माकोल नेईल. त्याच पोत्यात काच, पत्रा, पुठ्ठा भरला तर त्याच्या कित्येक पट वजन होईल. तिला दर मिळतो तो किलोवर. मग तिने थर्माकोल का उचलावा? पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचे नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. थर्माकोल नाही. तिला पोट भरावयाचे आहे, आणि आम्ही तिच्या पोत्यात हवा भरू पाहतो.

कारखानदाराने हवा विकली, दुकानदाराने हवेवर माल सुखरूप पोहोचवला, आपण खोके उघडून हवा रस्त्यावर टाकली. ती हवा काढण्याचे काम तेवढे विनावेतन राहिले. माझ्या मते या पदार्थाच्या इतिहासातला अन्याय एवढाच आहे, आणि तो रसायनशास्त्राचा नाही.

सरकारने बंदी घातली. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात थर्माकोलची ताटे, वाट्या आणि शोभेच्या वस्तू बंद झाल्या. १ जुलै २०२२ पासून शोभेच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. मी त्या बंदीच्या विरुद्ध नाही. तासाभराच्या जेवणासाठी शतकभर टिकणारे ताट कशाला? पण मखर करणाऱ्या कारागिरांची रोजी एका फटक्यात गेली, आणि यंत्रांच्या खोक्यांतला थर्माकोल येतच राहिला. बंदीचा दंडुका हातगाडीपाशी लवकर पोहोचतो, गोदामापाशी उशिरा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आहेच. ती कागदावरून रस्त्यावर आणा. जेथे खोकी उघडतात तेथे, म्हणजे बाजारात, गोदामात, प्रभागात, हवा काढणारी यंत्रे बसवा. ती कचरावेचकांच्या सहकारी संस्थांच्या हाती द्या, पण धूर जाण्याची सोय आणि नियमित तपासणी यांच्यासह; कारण ज्या स्टायरीनपासून हे प्लॅस्टिक होते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले आहे, आणि प्लॅस्टिक फार तापले की त्याची वाफ पुन्हा सुटते. एकाचे भाजणे थांबवून दुसऱ्याची फुप्फुसे जाळावयाची नाहीत. आणि थर्माकोल गोळा करण्याची मजुरी पोत्यावर द्या, किलोवर नको. माप बदलले की माल उचलला जाईल.

मामा पुढे गावी गेले. हात बरा झाला, पण मूठ पुरती मिटत नसे. त्यांच्या अपघाताची नोंद आज मला बदलता येत नाही. या पदार्थाची पुढची नोंद मात्र अजून लिहावयाची आहे, आणि तिच्याखाली आपणा सर्वांच्या सह्या होणार आहेत. सही करण्यापूर्वी आपण ती वाचावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.