मक्याला चुना

आपल्याकडे 'चुना लावणे' म्हणजे फसवणे. मेक्सिकोत मात्र उलटं आहे. तिथे मक्याला चुना लावला नाही तर खाणारा फसतो!

तिथल्या बायका मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून साली काढतात, धुतात आणि आपल्या पाटा-वरवंट्यासारख्या दगडावर वाटतात. या ओल्या पिठाच्या भाकऱ्या म्हणजे तोर्तिया. या पद्धतीचे तीन हजार वर्षांहून जुने पुरावे ग्वाटेमालात सापडले आहेत.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला. दाणे जहाजात चढले, चुना मागेच राहिला. पाहणाऱ्यांना वाटलं असावं, हा नुसता साल सोडवायचा उद्योग. युरोपात पाणचक्क्या होत्या, कोरडा मका सहज दळला जायचा. मग एवढा खटाटोप कोण करणार?

१७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या डॉक्टरने गरीब शेतकऱ्यांमधला एक विचित्र रोग टिपून ठेवला. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर लालकाळे चट्टे, गळ्याभोवती तर जणू हारच. पुढे जुलाब, मग वेड, मग मरण. उत्तर इटलीत रोज पोलेंटा (म्हणजे मक्याची उकड) खाणाऱ्यांनाही तेच. १७७१ मध्ये त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव मिळालं. मक्यावर संशय होताच, पण पुष्कळांना वाटे की बुरशी लागलेल्या मक्यात विष असतं. मेक्सिकोत लोक पिढ्यान् पिढ्या मकाच खातात, त्यांना हे का होत नाही, हा प्रश्न फारसा कुणी मनावर घेतला नाही.

विसाव्या शतकात हीच साथ अमेरिकेच्या दक्षिणेत आली. मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी, एवढ्यावर जगणारे खंडकरी आणि गिरणी कामगार. हा संसर्गच, असं बहुतेक डॉक्टरांचं मत होतं. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गरला पाठवलं. त्याने पाहिलं, की अनाथाश्रमात मुलांना पेलाग्रा होतो, तिथल्या नोकरांना होत नाही. संसर्ग असा माणसं निवडतो होय? १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगात माफीच्या बोलीवर तयार झालेल्या अकरा कैद्यांना त्याने मका आणि पिष्टाचाच आहार दिला. सहा महिन्यांत सहा जणांना पेलाग्रा झाला. तरी लोक मानेनात. मग १९१६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, खपल्यांच्या गोळ्या करून गिळल्या! त्याच्या बायकोनेही रक्त टोचून घेतलं. कुणालाच काही झालं नाही. बिचारा १९२९ मध्ये गेला. नायसिन (ब३ जीवनसत्त्व) हे उत्तर १९३७ मध्ये सापडलं. १९०६ ते १९४० मध्ये अमेरिकेत लाखभर माणसं यात गेली असा अंदाज आहे.

खरी मेख पुढेच आहे. मक्यात नायसिन असतं! पण ते दुसऱ्या पदार्थांना असं जखडलेलं असतं, की आपल्या आतड्याला सोडवता येत नाही. पोटात जातं आणि तसंच बाहेर पडतं. चुन्याचा क्षार ही गाठ सोडवतो. धुताना थोडं नायसिन वाहून जातं, तरी अंगी लागतं ते जास्तच. शिवाय शरीर ट्रिप्टोफॅनपासूनही नायसिन बनवतं. ते मक्यात कमी, पण दूध-कडधान्यांत असतं. तोर्तियासोबत घेवडा खाणाऱ्यांची ती बाजूही सावरलेली असे.

आणि हे सगळं फार दूरचं नाही बरं का. ज्वारीतही नायसिन बरंचसं असंच बांधलेलं. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा पाहिला आणि १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्यूसीनकडे बोट दाखवलं. ल्यूसीनवर पुढे बराच वाद झाला, तो असो. पण हे रोगी भाकरीच्या जोडीला डाळ, दूध पुरेसं न परवडणारेच होते. भाकरीबरोबर पिठलं असलं, की हरभऱ्याचं ट्रिप्टोफॅन आपोआप ताटात येतं. नुसत्या मीठ-मिरचीबरोबर येत नाही.