बंदिवासात जन्मलेले पांडा आणि रानाची वाट

ऑक्टोबर २०२४ मध्ये बाओ ली आणि चिंग बाओ हे दोन महाकाय पांडा चीनहून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात दाखल झाले आणि त्यांना पाहण्यासाठी गर्दी लोटली. बंदिवासातील पांडांची संख्या आज जगभरात सातशेहून अधिक आहे. तथापि, यांपैकी जंगलात परतलेले पांडा अत्यल्प आहेत. बंदिवासात जन्मलेला पांडा रानात स्वबळावर जगू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर चीन दोन दशकांहून अधिक काळ शोधत आहे.

पहिला प्रयोग

सिचुआन प्रांतातील वोलोंग येथे २००३ मध्ये श्यांग श्यांग या नराचे प्रशिक्षण सुरू झाले. बांबू शोधणे, निवारा निवडणे अशी कौशल्ये त्याने सुमारे तीन वर्षांत आत्मसात केली. २८ एप्रिल २००६ रोजी गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला मुक्त करण्यात आले. १९ फेब्रुवारी २००७ रोजी त्याचा मृतदेह बर्फात सापडला. रानटी पांडांशी झालेल्या झटापटीनंतर उंचावरून पडून तो दगावला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. माणसांनी त्याला अन्न मिळवायला शिकवले होते. स्वजातीयांशी सामना कसा करावा, हे शिकवणे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

आईच गुरू

या अपयशातून पद्धत मुळापासून बदलली. २०१० पासून गर्भवती मादीला डोंगरउतारावरील कुंपणबंद, परंतु नैसर्गिक परिसरात ठेवले जाऊ लागले. पिल्लू तिथेच जन्मते आणि आईकडूनच झाडावर चढणे, अन्न शोधणे व धोका ओळखणे शिकते. माणसाची सवय लागू नये म्हणून कर्मचारी पांडाचा पोशाख चढवतात आणि मानवी गंध झाकण्यासाठी त्याला पांडाच्या मूत्राचा वास देतात. पिल्लू वाढेल तसे आई-पिल्लाला अधिक मोठ्या आणि दुर्गम परिसरात हलवले जाते. माणसाला पाहून पिल्लू दूर पळाले, तर ती चांगली खूण मानली जाते.

या पद्धतीने वाढलेला ताओ ताओ ऑक्टोबर २०१२ मध्ये, वयाच्या दोन वर्षांनंतर, लिझिपिंग अभयारण्यात सोडण्यात आला आणि तगला. २०१३ मध्ये झांग श्यांग ही सोडलेली पहिली मादी ठरली. मात्र २०१४ मध्ये मुक्त केलेली श्वे श्वे काही आठवड्यांतच मरण पावली. २०१८ अखेरपर्यंत एकूण ११ पांडा सोडण्यात आले. चिनी अधिकाऱ्यांच्या माहितीनुसार त्यांपैकी नऊ जगले.

लिझिपिंगच का?

चीनच्या चौथ्या राष्ट्रीय गणनेनुसार (२०१५ मध्ये प्रसिद्ध) जंगलात १,८६४ पांडा होते. परंतु ते ३३ विलग गटांत विखुरलेले होते आणि त्यांतील १८ गटांत दहाहून कमी प्राणी होते. रस्ते, शेती आणि वस्त्यांमुळे हे गट एकमेकांपासून तुटले. अशा लहान गटात जवळच्या नात्यात प्रजनन होते आणि एखादी साथ किंवा बांबूचा बहर संपूर्ण गट पुसून टाकू शकतो, कारण फुलोऱ्यानंतर बांबू मरतो. लिझिपिंग ज्या श्याओश्यांगलिंग पर्वतरांगेत आहे, तेथील गट जेमतेम तीस पांडांचा होता. तिथे नव्या रक्ताचे दोन-चार प्राणी जगले, तरी त्यांचे मोल मोठे ठरते.

यशाची कसोटी

सोडलेला पांडा जगणे ही पहिली पायरी. त्याने रानटी जोडीदाराशी मीलन करून संतती वाढवणे, हे खरे यश. पांडाची मादी वर्षातून एकदाच, दोन-तीन दिवस माजावर येते आणि पिल्लू दीड ते दोन वर्षे आईसोबत राहते. त्यामुळे निकाल हाती यायला अनेक वर्षे लागतात. जीपीएस पट्ट्याची बॅटरी संपल्यावर माग काढण्यासाठी स्वयंचलित कॅमेरे आणि विष्ठेतील डीएनए यांवरच भिस्त असते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) २०१६ मध्ये पांडाला ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून ‘असुरक्षित’ श्रेणीत आणले. त्याचे श्रेय प्रामुख्याने जंगलांच्या रक्षणाला जाते. २०२१ मध्ये सिचुआन, शान्शी आणि गान्सू प्रांतांत स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचा एक हेतू तुटलेले अधिवास जोडणे हा आहे. पुनर्वसनाचे भवितव्य त्याच कामाशी बांधलेले आहे. बंदिवासात पिल्ले वाढवण्याचे तंत्र आता माणसाला अवगत झाले आहे. त्यांना परतण्यासाठी सलग रान मात्र अजून अपुरे आहे.