हॅरी पॉटरवरील धार्मिक आक्षेप

जे. के. रोलिंग यांच्या कादंबरीमालेतील (१९९७–२००७) जादूवर मुख्यतः अमेरिकेतील पुराणमतवादी ख्रिस्ती गटांनी घेतलेले आक्षेप. आधार बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १८ व्या अध्यायाचा. तिथे जादूटोणा निषिद्ध आहे. डिसेंबर २००१ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे एका चर्चने ही पुस्तके जाहीरपणे जाळली. आर्कान्सातील सीडरव्हिलच्या शालेय मंडळाने २००२ मध्ये ती शालेय ग्रंथालयातून घेण्यासाठी पालकांची लेखी परवानगी सक्तीची केली. एका विद्यार्थिनीच्या पालकांनी दाद मागितली. तिला घरून परवानगी होतीच. तरी चिठ्ठी दाखवून पुस्तक मागावे लागणे हाच वाचनस्वातंत्र्यावरील घाला, असे संघीय न्यायालयाने २००३ मध्ये मानले व पुस्तके पुन्हा सर्वांसाठी खुली झाली. टोल्किन, लुइस या श्रद्धाळू ख्रिस्ती लेखकांची जादू मात्र अनेक आक्षेपकांना खपते.